अंगठ्याला लागून कुणी मरत नाही

माणिकताई, तुझ्या अंगठ्याने तुझा जीव घेतला, असं आपल्या अख्ख्या बालवाडीचं ठाम मत झालंय. डॉक्टर हृदयाचं काय म्हणाले ते त्यांना ऐकायचंच नाही. त्यांनी जे पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बुधवारी खिळा ठोकून दाखवताना तू हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घेतलीस, ‘अगं आई गं, बाप्पा रे’ करत जागच्या जागी नाचलीस, आणि सगळी पोरं पोट धरधरून हसली. गुरुवारी सकाळी पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून आली, तर गॅरेजचं शटर खाली, दारात चपलांचा ढीग, आणि मी जिन्यात बसून रडतेय. चार वर्षांच्या माणसाने याचा दुसरा काय अर्थ लावायचा, सांग.

तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘सुधे, पोट्टे बरोबरच बोलून राहिले नं!’ आणि हसली असतीस, खालचा मजला दणाणेल असं. मला नाही हसू येत. मला भीती वाटतेय.

म्हणजे भीती मला कायमचीच, ते तुला मी काय सांगायचं. गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, माझ्या सईच्या कपाळाला हात लावला तर गरम लागतंय का. यावरून तर तू मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ‘भित्री भागूबाई’ करून टाकलंस. पण ती भीती घरातली होती, पायात घुटमळणारी. तुझ्यावर वैतागलं की ती जरा कमी व्हायची. आता वैतागू कुणावर? बुधवारी रात्री तू वरणभात जेवलीस, भावाशी क्रिकेटवरून कडाकडा भांडलीस, झोप येतेय म्हणून वर तुझ्या खोलीत गेलीस. सकाळी मी चहा घेऊन वर आले. पुढचं मी लिहीत नाही. पण तेव्हापासून कुणी झोपलं की मी त्याच्या नाकापुढे बोट धरून बघते. तुझ्या भावाच्याही. परवा दुपारी तो एकदम जागा झाला आणि ओरडला, ‘सुधा, अगं काय करतेस काय!’

तुझी मी भावजय. लग्न होऊन या नोएडाच्या घरात आले तेव्हा तुला वन्सं म्हणावं की ताई, याच विचाराने मला घाम फुटला होता. तू दारातच म्हणालीस, ‘मला अहो-जाहो केलंस नं, तर मी तुझ्या हातचं जेवणार नाही.’ झालं, त्या क्षणी तू ‘माणिकताई तू’ झालीस. मोठी नणंद म्हणून धाक असा तू कधी दाखवलाच नाहीस. त्रास मात्र दिलास, आणि तो मनापासून दिलास.

गाडी नव्हती तेव्हा आपण गॅरेज बांधलं होतं. त्या दिवसांत सगळ्या सेक्टरने तेच केलं होतं म्हणा. रस्त्याला दिवे नाहीत, समोरच्या प्लॉटवर नीलगाई चरतायत, पण घराला गॅरेज हवंच, कारण मारुती येणार. तू पहाडगंजच्या मराठी शाळेतली नोकरी सोडून आलीस आणि म्हणालीस, गाडी येईल तेव्हा येईल, तोवर हे मला द्या. पुढे गाडी आली. ती अजून बाहेर ताडपत्रीखाली उभी आहे, आणि गॅरेजमध्ये भिंतीला ओळीने टांगलेल्या हातोड्या आहेत.

कुठून तुला ती बुद्धी झाली, देव जाणे! बाकीच्या बालवाड्यांत मुलं ए फॉर ॲपल म्हणत होती, एका ठिकाणी तर चक्क कंप्युटर आला होता. आणि आपल्याकडे खरी हातोडी, खरी करवत, भोक पाडायला गिरमिट. लाकूड पकडून ठेवायला टेबलाला तो लोखंडी शिकंजा. लाकूड फुकटचं. तेव्हा रोज कुणाकडे तरी नवीन काहीतरी येत होतं, फ्रिज नाहीतर वॉशिंग मशीन, लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात ठोकून. शेजारीपाजारी फ्रिज बघायला जमायचे, तू खोकं बघायला. ‘भाईसाहब, फ्रिज आप रखिए, बस यह खोखा मुझे दे दीजिए.’ मी लाजेने पदराआड तोंड लपवायचे. ते पांढरट, मऊ लाकूड पोरांच्या करवतीला बरोबर ऐकायचं.

पहिल्या दिवशी मी शटरला टेकून उभी होते, जीव मुठीत धरून. एका बोटभर पोरीने हातोडी उचलली आणि माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. तू मला खेचून पाटावर बसवलंस. ‘हात मांडीखाली घे,’ म्हणालीस. ‘दोन्ही. त्यावर बस. मी पण बसते.’ हाच आपल्या बालवाडीचा नियम झाला. मूल काम करत असेल तेव्हा मोठ्यांनी आपल्या हातांवर बसायचं. त्याचा हात धरायचा नाही, ‘अरे अरे’ करायचं नाही. खिळा मुलाने कपड्याला लावायच्या चिमट्यात धरायचा, म्हणजे बोटं लांब राहतात. बाकी त्याचं तो बघेल. मी किती वर्षं माझ्या हातांवर बसून होते! घरात जाताना बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या.

गुरलीनच्या पप्पांनी सिंगापूरहून प्लास्टिकची अवजारं आणली होती, आठवतं? लाल, पिवळी, हिरवी, किती गोड. मी खूश. म्हटलं, सुटले. आणि त्या दिवशी जी काही धुमश्चक्री झाली! हातोडी लागत नाही म्हटल्यावर गुरलीनने ती भिंतीवर मारली, खिडकीवर मारली, शेवटी सईच्या डोक्यात घातली. सईला टेंगूळ आलं. तू शांतपणे तो सेट कपाटावर टाकलास आणि मला म्हणालीस, ‘पाह्यलं? खोट्या हातोडीनं पोट्टं खोटंच वागते.’ माझ्या पोरीच्या डोक्यावर मी बर्फ धरून बसले होते आणि तुला तत्त्वज्ञान सुचत होतं. त्या दिवशी मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते.

या वर्षी तू तान्हा पोळा काढलास. मी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, मला कुठला तान्हा पोळा माहीत? तूच सांगितलंस, की नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत घरोघर न्यायचा, आणि घरातली माणसं पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ नाहीतर एखादं नाणं. तुझे बाबा दर वर्षी तुला नवा नंदी करून द्यायचे. तू ठरवलंस की आपली पोरं स्वतःच करतील. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळी नंदीच्या मागे लागली. खोक्याच्या ठोकळ्याचं अंग, त्यावर छोट्या ठोकळ्याचं डोकं, दोन खिळ्यांची शिंगं. गुरलीनच्या नंदीला तीन शिंगं आहेत. ‘एक एक्स्ट्रा है,’ असं तिने मला समजावलंय. चाकं तेवढी राहिली होती. बुधवारी तू चाकांचाच खिळा ठोकून दाखवत होतीस.

मग आपण भांडलो. बेसिनपाशी, तुझा अंगठा नळाखाली धरून. मी म्हटलं, ‘बघ, तुला लागलं, एवढ्या घोडीला. मग त्यांचं काय? एक दिवस कुणाचं तरी बोट जाईल, ताई, आणि मग आपण काय तोंड दाखवणार?’ तू म्हणालीस, ‘बोट जाईल एवढी मोठी करवत मी देत नाही. लागंल मात्र. लागू शकते, हे त्यांना माहीत पाहिजे नं. आज त्यांनी मला लागलेलं पाह्यलं. आता रोज येऊन बरं होताना पाहतील. तेही शिकणंच आहे.’ मी म्हटलं, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू म्हणालीस, तर मग चहा टाक. भांडण तिथेच राहिलं, आपली सगळी भांडणं राहायची तसंच.

आणि बरं होताना पाहायचं राहूनच गेलं गं. त्यांनी अर्धंच पाहिलं.

तेराव्यानंतर मी शटर उघडलं. पोरं आली, पण टेबलाकडे एकही फिरकलं नाही. नंदी तसेच ओळीत पडलेले, पोटावर, बिनचाकांचे. हातोड्यांकडे पाठ करून सगळी कोपऱ्यात चिकटून बसली. मी त्यांना चित्रं काढायला दिली, तर पेन्सिल लागेल का, असं एकाने विचारलं. गुरलीन तेवढी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘दीदी, माणिक दीदी अंगूठे से मर गई ना?’ मी म्हटलं, ‘नहीं बेटा, उनका दिल रुक गया था.’ तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मोठी माणसं काय वाट्टेल ते सांगतात.

तिची आई तिला न्यायला आली तेव्हा शटरपाशी थांबली. ‘भाभीजी, अब वो तो रहीं नहीं. ये औज़ार-वौज़ार बंद ही कर दीजिए. ड्रॉइंग करवाइए, डान्स करवाइए. बच्चे डर गए हैं.’ घरी तुझा भाऊही तेच म्हणाला. ‘कुलूप लाव, सुधा. डोक्याला ताप नको.’ आणि तुझ्यापासून काय लपवायचं, मला हायसं वाटलं. इतकी वर्षं मी हेच तर म्हणत होते. कुलूपसुद्धा शोधून ठेवलं मी. तुझं ऐकणारं आता कुणी नव्हतं, आणि माझं म्हणणं बसल्या जागी जिंकलं होतं.

मग शनिवारी दुपारी सईचं बोट कापलं. पुस्तकाच्या पानाने. रक्ताचा मोहरीएवढा ठिपका. एरवी ही पोर गुडघे फोडून यायची आणि मलाच सांगायची, ‘आई, रडू नको, खपली येईल.’ त्या दिवशी ती पांढरीफटक पडली. बोट अंगापासून लांब धरून माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘आई, आता मी झोपले तर मरेन ना?’

मी तिला घट्ट धरलं. नाही म्हटलं, शंभरदा म्हटलं. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि डोळे मिटू नयेत म्हणून बोटांनी पापण्या वर धरून बसली होती. माणिकताई, मला वाटलं, हे आता हिच्या अंगात शिरलं. माझ्यात आहे तेच. फरक एवढाच, की मी तिशी ओलांडलेली बाई आहे आणि ही अजून पाच वर्षांचीही नाही. ही आता जन्मभर लोकांच्या नाकापुढे बोट धरत बसणार. कुलूप लावून यातलं काहीच मिटणार नव्हतं.

सोमवारी मी तुझी हातोडी भिंतीवरून काढली.

इतक्या वर्षांत मी ती हातात धरली नव्हती, तुला माहीत आहे. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. मी टेबलापाशी बसले, सईचा नंदी पुढ्यात घेतला, चाक ठेवलं, खिळा धरला. पोरं कोपऱ्यातून बघत होती. खिळा चिमट्यात धरायचा असतो, हे मी विसरले. समोर बसलेल्या प्रत्येक पोराला ते ठाऊक होतं, पण एकानेही सांगितलं नाही, इतकी ती धास्तावलेली होती. मी डोळे मिटले. हातोडी उचलून डोळे मिटणारी माझ्यासारखी शहाणी मीच! आणि हाणली.

मुद्दाम मारून घ्यायची माझी छाती नाही, हे तूच सगळ्यांना सांगशील. पण बसली ती बरोब्बर अंगठ्यावरच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओरडले, आणि तोंडातून निघालं ते ‘बाप्पा रे’. कुठून आलं कोण जाणे, आमच्या माहेरी असं कुणी म्हणत नाही.

कुणी हसलं नाही. सई उभी राहिली आणि तिथेच थिजली. गुरलीन पुढे आली.

‘लगी?’

‘लगी,’ मी म्हटलं. काही झालं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तू माझ्या कानात बसलेलीस. ‘बहुत ज़ोर से लगी. बहुत दुख रहा है.’

‘अब आप भी मरोगी?’

‘नहीं. अंगूठे से कोई नहीं मरता.’

‘माणिक दीदी तो मर गई.’

‘उनका दिल रुक गया था, बेटा. दिल से हुआ.’

तिने विचार केला. ‘आपका दिल नहीं है?’

‘है.’

‘तो?’

याला उत्तर दे तू. मी अंगठा नळाखाली धरला आणि पोरं एकेक करून येऊन लांबूनच बघून गेली. सुट्टी झाली तेव्हा एरवी धूम पळणारी ती हळूहळू गेली, मागे वळून बघत. शेवटच्या दर्शनाला आल्यासारखी.

तेव्हा मला कळलं की मी हे काय करून बसले. उद्या सकाळी मला जिवंत असणं भाग होतं. नाही आले, तर ही सगळी पोरं त्या हातोडीची भीती जन्मभर बाळगतील, आणि सई तर... असं जगायचं ओझं माझ्यावर कधी आलं नव्हतं. संध्याकाळी छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं. तुझा भाऊ म्हणाला, राजमा खाल्लास, गॅस असेल. सई माझ्या अंगाला चिकटून बसली. शेवटी बसल्या बसल्याच तिचे डोळे मिटले, आणि माझे काही केल्या मिटेनात. झोपेचीच भीती वाटत होती, माणिकताई. तुला वाटली होती का? जिना चढताना काही कळलं होतं का? हे मी कुणाला विचारू?

एक गोष्ट तेव्हाच सुचली, आणि ती तुझ्याशी बोलायची फार इच्छा आहे. ज्याला भीती वाटत नाही, तो हातांवर बसेल कशाला? तुला काही वाटतच नसतं, तर तू हात मोकळे सोडून चहा पीत बसली असतीस. इतकी वर्षं माझ्या शेजारच्या पाटावर तू तुझे हात दाबून बसली होतीस, आणि मला वाटायचं की मला सोबत म्हणून. अगं, सांगायचं नाहीस का एकदा? दोघी मिळून भ्यालो असतो. की सांगत होतीस आणि मीच आपली बोंबलत बसले होते? काय असेल ते असो. तू मला त्या पाटावर बसवलंस आणि उठू दिलं नाहीस, यासाठी तुला काय द्यावं ते मला कळत नाही. तुझ्याशी भांडायला तरी मिळायला हवं होतं अजून.

आज सकाळी मी वेळेच्या आधीच फाटकात जाऊन उभी राहिले. केस विंचरून, चांगली साडी नेसून, म्हणजे नीट जिवंत दिसेन. मुलंही आज लवकर आली होती. आयांचे हात ओढत आली होती. फाटकापासून जरा लांबच थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. कुणी पुढे होईना. सई माझ्यामागून निघाली आणि त्यांना म्हणाली, ‘हिल रही है. मैंने देखा.’

गुरलीन आली. तिने माझा हात खाली ओढला आणि अंगठा उलटसुलट करून पाहिला. नख जांभळं झालंय, सूज आहे. तिने त्यावर हलकेच बोट दाबलं. मी कळवळले.

‘दुखता है?’

‘हाँ.’

‘कल से कम?’

मी खरंच विचार करून सांगितलं, ‘थोड़ा कम.’

तिने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली, ‘आ जाओ, ज़िंदा हैं!’ आणि मग सगळ्यांनी येऊन एकेकदा तो अंगठा दाबला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखल्यामुळे असं त्यांना वाटलं. तसंही होतंच ते.

आत गेल्यावर गुरलीन आपला तीन शिंगांचा नंदी घेऊन टेबलापाशी आली. नंदी ठेवला, चाक ठेवलं, चिमट्यात खिळा धरला. मग थांबली.

‘और कल?’ तिने विचारलं. ‘कल भी आओगी?’

हो, पक्कं, असं म्हणणं किती सोपं होतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. सईसुद्धा.

‘कल का मुझे पता नहीं, गुरलीन,’ मी म्हटलं. ‘आज आई हूँ.’

मग तिने हात पुढे केला. ‘ठीक है. हथौड़ी दो.’

मी ती तिच्या हातात दिली. भीती वाटत होती, माणिकताई. हे लिहितानाही वाटतेय.